चिकन बाहेरून कोळसा, आतून कच्चं: जपानी सॉसचं काय चुकतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘जॅपनीज बार्बेक्यू सॉस’ लिहिलेली 300 मिलीची बाटली आणली. घटकांत सोया सॉस, साखर, सफरचंद, लसूण, तीळ असं लिहिलेलं आहे. एक किलो चिकन त्यात रात्रभर मुरवलं आणि गच्चीत सिगडीवर भाजलं. पाच मिनिटांत बाहेरून काळं झालं, आतून कच्चं राहिलं, आणि जेवढं शिजलं तेवढं खारट लागलं. सॉस वाईट होता का? घरी करता येईल का?

सॉस बहुधा चांगलाच होता. तो लावायची वेळ चुकली. हे खात्रीने सांगते, कारण मी ओसाकात अकरा वर्षं निखाऱ्यांपुढे उभी राहिले आहे. पहिली सात याकितोरीच्या, म्हणजे काडीवरच्या चिकनच्या दुकानात आणि पुढची चार याकिनिकूच्या, म्हणजे टेबलावरच्या आगीवर मांसाचे तुकडे स्वतः भाजून खायच्या दुकानात. पुण्याला परत आल्यापासून हाच प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता सगळं एकदाच नीट लिहून ठेवते.

आधी नावाचा घोळ सोडवू. जपानमध्ये ‘बार्बेक्यू सॉस’ अशी एकच एक वस्तू नाही. तिथला शब्द आहे ‘तारे’. ‘तारेरु’ म्हणजे ओघळणं, ठिबकणं, त्यावरून तो आला. याकितोरीचा तारे वेगळा, उनागी माशाचा वेगळा, याकिनिकूचा वेगळा. याकिनिकूत पुन्हा दोन प्रकार: ‘मोमिदारे’ भाजण्याआधी मांसाला चोळायचा आणि ‘त्सुकेदारे’ भाजून झाल्यावर घास बुडवायचा. परदेशी जाणाऱ्या बाटल्यांवर या सगळ्यांना मिळून एकच नाव छापतात. तुम्ही दिलेल्या घटकांवरून तुमची बाटली त्सुकेदारेच्या वळणाची दिसते. म्हणजे जे ताटात, वाटीत घ्यायचं होतं, त्यात चिकन रात्रभर बुडून राहिलं.

आपला हात मुरवण्याला सरावलेला आहे. कबाब म्हटलं की दही, आलं-लसूण, हळद, मीठ लावून रात्रभर फ्रीजमध्ये. दह्याला ते चालतं, कारण त्यात साखर जवळपास नसते आणि मीठ आपण हाताने मोजून घालतो. जपानी सॉसमध्ये दोन्ही गोष्टी उलट आहेत. तिथल्या नेहमीच्या गडद सोया सॉसमध्ये, ‘कोइकुची’मध्ये, साधारण 16 टक्के मीठ असतं. एका मोठ्या चमच्यात अडीच ग्रॅम. तुमच्या बाटलीत निम्मा सोया सॉस धरला तरी 25 ग्रॅमच्या आसपास मीठ होतं, आणि किलोभर बिनहाडाच्या चिकनला बारा ते पंधरा ग्रॅम पुरे होतं. खारटपणाचा हिशेब तिथेच लागला.

आता करपण्याचा. साधी साखर 160 अंशांच्या पुढे जळायच्या मार्गाला लागते. सफरचंदातली फळसाखर तर 110च्या आसपासच रंग बदलू लागते. निखाऱ्यावरच्या जाळीचा ताप याच्या कितीतरी वर असतो. चिकनच्या तुकड्याला आतपर्यंत शिजायला आठ-दहा मिनिटं लागतात आणि सॉसला खमंग व्हायला एक मिनिट. दोघांना एकदम आगीवर चढवलं तर सॉस मरतो आणि चिकन कच्चं राहतं. जपानी भाजणाऱ्याचं सगळं कसब या दोन वेळांचा मेळ घालण्यात आहे.

याकितोरीच्या दुकानात हा मेळ कसा घालतात ते सांगते. तिथे जाळी नसते. लांबट, अरुंद भट्टीच्या दोन्ही कडांवर दोन लोखंडी दांड्या असतात आणि काडी त्या दांड्यांवर टेकते, मांस थेट निखाऱ्यांवर अधांतरी राहतं. काडीला तुकडे लावतानाही टोकाकडे मोठा आणि मुठीकडे लहान असा उतार ठेवतात, कारण टोक आगीच्या मधोमध येतं. मोमो, म्हणजे मांडीचं मांस, आधी कोरडंच भाजायचं. फार तर चिमूटभर मीठ. काडी सतत उलटत राहायची. बारा आणे शिजलं, कडा सोनेरी झाल्या आणि पृष्ठभागावर चरबीचे बारीक बुडबुडे दिसायला लागले की मगच ती सॉसच्या बरणीत बुडवायची, निथळायची आणि परत आगीवर. वीस-तीस सेकंद एक बाजू, तेवढीच दुसरी. पुन्हा बुडवायची. असं दोनदा, कधी तिनदा. पहिल्या वेळी सॉस नुसता चिकटतो, दुसऱ्या वेळी पहिल्या थरावर चढतो आणि तेव्हा ती काचेसारखी चकाकी येते. जपानीत तिला ‘तेरी’ म्हणतात, तेरियाकीमधली तेरी तीच.

आमच्या ताईशोंनी, म्हणजे दुकानाच्या मालक-आचाऱ्यांनी, मला पहिलं वर्षभर सॉसच्या बरणीला हात लावू दिला नाही. मी काड्या लावत होते. तिथे म्हण आहे, काड्या लावायला तीन वर्षं आणि भाजायला जन्म. दुसऱ्या वर्षी एका गर्दीच्या रात्री घाईत मी कच्ची काडी बरणीत बुडवली. ताईशोंनी काही न बोलता भट्टीवरचं काम थांबवलं, बरणी आत नेली, सगळा सॉस पातेल्यात ओतून खळखळ उकळला, गाळला, बरणी धुतली, आणि मग पुढच्या गिऱ्हाइकाची काडी केली. वीस मिनिटं माणसं ताटकळत होती. त्या बरणीत रोज वरून नवा सॉस पडायचा, पण ती कधी पूर्ण रिकामी होत नसे. भाजलेल्या चिकनचा रस, चरबी, धुराचा वास हे सगळं त्यात वर्षानुवर्षं साठलेलं होतं. शिजलेली काडी बुडवल्याने बरणी अधिक चवदार होत जाते आणि कच्ची बुडवल्याने माणूस आजारी पडू शकतो. घरी तर बरणीत काडी बुडवूच नका. वाटीत थोडा सॉस काढून ब्रशने लावा आणि उरला तर तो परत मूळ बरणीत ओतू नका.

आता घरचा याकितोरी सॉस. सोया सॉस 200 मिली, मिरिन (तांदळाचा गोड द्रव, त्याबद्दल पुढे लिहिलंय) 200 मिली, साके (तांदळाचं जपानी मद्य) 100 मिली, साखर 50 ग्रॅम. शिवाय चिकनच्या पंखांची टोकं पाच-सहा, पातीच्या कांद्याची हिरवी पात मूठभर, आल्याच्या दोन चकत्या. पंखांची टोकं आधी सिगडीवर किंवा तव्यावर चांगली तांबूस भाजून घ्या. ही पायरी टाळली तर सॉस नुसता गोड-खारट होतो, त्यात चिकन बोलत नाही. मिरिन आणि साके आधी एकटेच उकळा, दोन-तीन मिनिटं, म्हणजे मद्याचा उग्रपणा उडून जाईल. मग साखर, सोया सॉस आणि बाकीचं घाला. मंद आचेवर, वर येणारा फेस काढत, अर्धा-पाऊण तास ठेवा. एक तृतीयांश आटलं की बंद करा. गरम असताना पातळच दिसेल, चमच्याच्या पाठीवर पुसटसा थर धरेल एवढंच. आणखी आटवायचा मोह होतो, पण गार झाल्यावर तो दाटतो. पाकासारखी तार येईपर्यंत नेलात तर आगीवर लावताक्षणी जळेल. गाळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी चव एकजीव होते.

घटकांबद्दल थोडं परखड लिहिते, कारण चव इथेच बिघडते. आपल्याकडे चायनीजसाठी मिळणारा स्वस्त सोया सॉस यात चालणार नाही. त्यात बऱ्याचदा कॅरॅमलचा रंग आणि आंबटपणा असतो आणि आटवल्यावर तो कडवट लागतो. बाटली उलटून घटक वाचा: सोयाबीन, गहू, मीठ, पाणी, फार तर थोडं मद्य. एवढंच लिहिलेलं असेल तर घ्या. किक्कोमान भारतात मिळतो आणि या कामाला उत्तम आहे. त्याचं मूळ गाव तोक्योजवळचं नोदा, तिथल्या सोया सॉस बनवणाऱ्या घराण्यांनी एकत्र येऊन 1917 साली ती कंपनी उभी केली.

मिरिन म्हणजे चिकट तांदूळ, तांदळाचं कोजी (खास बुरशी वाढवलेले तांदूळ) आणि मद्य यांपासून केलेला गोड द्रव. खऱ्या ‘होन-मिरिन’मध्ये साधारण 14 टक्के मद्य आणि 40 टक्क्यांच्या पुढे साखर असते. नाही मिळालं तर 100 मिली मिरिनऐवजी 70 मिली साधी व्हाइट वाइन आणि 35-40 ग्रॅम साखर घ्या. मद्य नको असेल तर वाइनऐवजी पाणी, चव थोडी सपाट होईल पण सॉस होईल. गूळ घालू नका. मला गूळ फार आवडतो, पण त्याचा वास सोया सॉसला खाऊन टाकतो. मधही नको, तो साखरेच्या आधी जळतो. चकाकी कमी वाटली तर केकच्या सामानाच्या दुकानात लिक्विड ग्लुकोज मिळतं, ते एक चमचा घाला. जपानी आचारी त्यासाठी ‘मिझुआमे’ वापरतात, तोही असाच स्टार्चपासून केलेला चिकट, कमी गोड पाक असतो. कॉर्नफ्लोअरने घट्ट करायचं मात्र अजिबात मनात आणू नका.

आता तुमच्या बाटलीच्या जातीचा, याकिनिकूचा सॉस. त्याची गोष्ट थोडी सांगायला हवी, कारण ती कळली की वापर आपोआप कळतो. जपानमध्ये सम्राट तेन्मुने 675 साली गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खायला वर्षाच्या काही महिन्यांपुरती बंदी घातली होती. पुढे शतकानुशतकं मांस तिथल्या रोजच्या जेवणात फारसं नव्हतं. 1872 मध्ये सम्राट मेइजी यांनी गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं आणि वारं बदललं. पण लहान तुकडे टेबलावरच्या आगीवर स्वतः भाजून खायची आजची पद्धत रुजली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, जपानमध्ये राहिलेल्या कोरियन कुटुंबांच्या छोट्या दुकानांमधून. ओसाकातलं त्सुरुहाशी हे त्यातलं मोठं केंद्र. त्या स्टेशनवर गाडीचं दार उघडलं की फलाटावरच भाजलेल्या मांसाचा वास येतो. जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने 2001 मध्ये देशातल्या शंभर सुगंधी ठिकाणांची यादी केली, तीत त्सुरुहाशीचा हा परिसरही आहे. मी तीन वर्षं तिथून रोज गाडी बदलत असे आणि भूक नसतानाही पोटात कालवायचं.

कोरियन पद्धतीत मांस आधी सॉसमध्ये मुरवतात. जपानी याकिनिकूने त्याला भाजल्यानंतर बुडवायच्या सॉसची जोड दिली. आगीवरून थेट तोंडात गेलं तर जीभ भाजते, वाटीतला सॉस घासाला गारही करतो आणि वरून खारट-गोड-आंबट थरही देतो. पुढे हा सॉस घरोघरी गेला तो बाटलीतून. योकोहामाच्या एबारा कंपनीने 1968 मध्ये याकिनिकूचा सॉस बाजारात आणला आणि 1978 मध्ये ‘ओगोन नो आजि’, म्हणजे सोनेरी चव, हा फळांच्या गरावर आधारलेला सॉस काढला. सफरचंद घातलेल्या बहुतेक बाटल्या त्याच वळणाच्या आहेत. 1991 मध्ये गोमांसाच्या आयातीवरची कोटापद्धत उठली, मांस स्वस्त झालं आणि याकिनिकू सर्वसामान्य घरांच्या आवाक्यात आली.

घरी करायचा असेल तर सोया सॉस 100 मिली, मिरिन 50 मिली, साखर दोन मोठे चमचे, किसलेलं अर्धं सफरचंद, किसलेला पाव कांदा, लसणाची एक पाकळी आणि तेवढंच आलं किसून. पाच-सात मिनिटं मंद उकळा. उतरवून भाजलेले तीळ एक चमचा जरा चुरडून घाला आणि भाजलेल्या तिळाचं तेल एक लहान चमचा. हे तेल आपल्या स्वयंपाकाच्या तीळतेलापेक्षा वेगळं, गडद आणि वासाचं असतं, म्हणून शेवटी आणि थोडंच. तिखट हवं तर लाल तिखटाची चिमूट. गार झाल्यावर चार थेंब लिंबू.

सफरचंद मांस मऊ करतं असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं. उकळलेल्या सॉसमधलं फळ काहीही मऊ करत नाही, ते फक्त गोडी आणि दाटपणा देतं. मांस मऊ करणारे पाचक घटक कच्च्या पपईत, अननसात, किवीत, आल्यात असतात आणि उकळल्यावर ते मरतात. बाटलीतला सॉस तापवून भरलेला असतो, त्यामुळे त्यात रात्रभर ठेवून मऊपणाची आशा करू नका. मटण मऊ करायचं असेल तर आपली कच्च्या पपईची जुनी रीत खरी. अर्ध्या किलोला एक लहान चमचा किसलेली, अर्धा तास, त्यापेक्षा जास्त नाही.

आणि चोळायचा मोमिदारे? तो पातळ कापासाठी आहे, जाड तुकड्यासाठी नाही. तीन-चार मिलिमीटर जाडीचे काप, त्यांना दोन चमचे सोया सॉस, एक चमचा साखर, थोडं तिळाचं तेल आणि लसूण हाताने हलकेच चोळायचं, दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं आणि लगेच भाजायचं. एवढा पातळ काप एका मिनिटात शिजतो, म्हणून त्यातली साखर जळायच्या आधी मांस तयार होतं. जाडी आणि साखर यांचं नातं तेच आहे, फक्त दुसऱ्या टोकाकडून सोडवलेलं. आपल्या बोकडाच्या मटणाला ही रीत छान लागू पडते. मांडीचं बिनहाडाचं मटण फ्रीजरमध्ये तासभर ठेवून अर्धवट घट्ट करा, मग धारदार सुरीने रेषांच्या आडवे काप काढा. जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर मेंढीच्या मांसाचं ‘जिंगिसुकान’ करतात, मध्ये घुमटासारखा उंच तवा आणि कडेच्या पन्हळीत भाज्या, मांसाची चरबी ओघळून भाज्यांत मुरते. तिथेही दोन घराणी आहेत: ताकिकावाकडे आधी सॉसमध्ये मुरवतात, साप्पोरोकडे भाजून मग बुडवतात.

आता कोळसा. याकितोरीची उत्तम दुकानं ‘बिंचोतान’ वापरतात, वाकायामाकडच्या उबामे ओकचा, इतका घट्ट कोळसा की एकमेकांवर आपटला तर धातूसारखा खणकतो. तो ज्वाळा न करता तासन्‌तास एकसारखा तापतो. इथे तो महाग पडेल, नारळाच्या करवंटीचा विटकरीसारखा दाबलेला कोळसा पुरेसा आहे. पेटवल्यावर वरून पांढरी राख धरेपर्यंत, पंचवीस-तीस मिनिटं, काहीही ठेवू नका. बहुतेक जण धूर निघत असतानाच घाई करतात. निखारे एका बाजूला दाट आणि दुसरीकडे विरळ पसरा. चिकन आधी विरळ बाजूला, शेवटी सॉस लावून दाट बाजूला. चरबी ठिबकून ज्वाळा उठली तर चिमट्याने तुकडा लगेच बाजूला घ्या आणि पंख्याने ज्वाळा उडवा. चरबीच्या ज्वाळेची काजळी मांसावर बसली की कोणताही सॉस तो कडूपणा झाकत नाही. बंद खोलीत किंवा बंद बाल्कनीत कोळसा पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

चिकन घेताना एक गोष्ट दुकानदाराला आवर्जून सांगा: मांडीचं, बिनहाडाचं, कातडीसकट. आपल्याकडे न सांगता कातडी काढूनच देतात. छातीचं मांस कोरडं पडतं आणि कातडी नसेल तर सॉसला धरायला चरबीही नसते. तुकडे अडीच-तीन सेंटिमीटरचे, मधून मधून पातीच्या कांद्याचा पांढरा भाग. ही झाली ‘नेगिमा’, जपानमधल्या प्रत्येक याकितोरी दुकानातली पहिली काडी. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात भिजवा आणि मूठ आगीबाहेर राहील अशा ठेवा.

आतून शिजलं की नाही हे डोळ्यांवर सोडू नका. साधा स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्या. जपानमध्ये 75 अंश, मिनिटभर, हा नियम आम्ही पाळत होतो. जपानी दुकानात अर्धकच्चं चिकन खाल्लेलं पाहून घरी तसं करायला जाऊ नका. तिथेही त्यातून आजार होतात, आणि गाईचं कच्चं काळीज 2012 पासून, तर डुकराचं कच्चं मांस 2015 पासून गिऱ्हाइकाला द्यायला सरकारने बंदी घातली आहे. कच्च्या मांसाचा चिमटा वेगळा आणि खायचा वेगळा. याकिनिकूच्या टेबलावर हा दुसरा चिमटा ठेवलेलाच असतो.

तुमच्या या वेळच्या बाटलीत काही उरलं असेल तर ते टाकू नका. जो सॉस कच्च्या चिकनला लागला तो जाऊ द्या, पण बाटलीतला चांगला आहे. पुढच्या वेळी चिकनला भाजण्याआधी तासभर फक्त मीठ लावा, किलोला दहा ग्रॅम. तीन-चतुर्थांश शिजेपर्यंत कोरडं भाजा. मग त्या सॉसमध्ये तेवढंच पाणी मिसळून ब्रशने दोनदा लावा आणि बाटलीत उरलेला तसाच वाटीत घ्या, गरम भाताबरोबर. चिकनवरून ओघळलेला सॉस भातावर पडतो आणि आमच्या दुकानात मी तरी शेवटची काडी नेहमी त्या भातासाठी राखून ठेवत असे.